पाच किलोचा मॉनिटर भिंतीवरून का पडला



मागच्या हिवाळ्यात, संध्याकाळच्या प्रेपच्या वेळी, आपल्या संगणक प्रयोगशाळेच्या भिंतीवर आर्मने बसवलेला मोठा मॉनिटर खाली पडला. ज्या खुर्चीवर तो पडला, त्या खुर्चीत अर्ध्या मिनिटापूर्वी सातवीतला एक कॅडेट बसलेला होता. त्याच्या प्रोग्रॅममधला लूप एकदाच चालून थांबत होता, म्हणून तो मला विचारायला माझ्या टेबलापाशी उठून आला होता. मॉनिटरची कड खुर्चीच्या पाठीवर आपटली, पडदा तडकला आणि आर्मची लोखंडी प्लेट गिलाव्याच्या खपल्यांसकट वायरला लोंबकळत राहिली. कुणाला साधे खरचटलेही नाही. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तो मॉनिटर मी स्वतःच्या हाताने बसवला होता.

मी ईएमईचा माणूस. फौजेतली बावीस वर्षे वर्कशॉपमध्ये गेली. रेडिओ सेट, जनरेटर, चार्जर, काय काय हाताखालून गेले. त्यामुळे भिंतीला एक मॉनिटर लावणे हे मला काम वाटलेच नव्हते. आर्मच्या खोक्यावर कमाल भार 9 किलो असे छापलेले होते. 27 इंची मॉनिटर, स्टँड काढल्यावर वजनकाट्यावर भरला 5 किलो. म्हणजे जवळजवळ दुप्पट मोकळीक. चार भोके पाडली, गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले, पाणसळ लावून प्लेट सरळ आहे का ते पाहिले आणि हात झटकले. दुपारच्या चहाच्या आत काम संपले होते.

चूक कुठे झाली ते दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर कळले. अकरावीच्या भौतिकशास्त्रातल्या टॉर्कच्या धड्याबाहेरचे त्यात काहीच नव्हते, आणि हीच गोष्ट मला जास्त लागली.

जड दगड हलवायला आपण पहार घेतो. पहार जितकी लांब, तितका आपला जोर वाढतो. भिंतीतून बाहेर आलेला आर्म ही अशीच एक पहार आहे, फक्त ती आपल्या बाजूने नसून आपल्या विरुद्ध काम करते. मॉनिटरचे वजन आर्मच्या टोकाला आहे. प्लेटची खालची कड भिंतीला टेकलेली आहे. मॉनिटर खाली ओढतो, प्लेट खालच्या कडेवर कलायला बघते, आणि वरचे दोन स्क्रू भिंतीतून बाहेर उपसले जाऊ लागतात.

आकडे घालून पाहू. मॉनिटर 5 किलो, आर्म पूर्ण बाहेर ओढला की भिंतीपासून 60 सेंटिमीटर लांब. गुणाकार 300. आर्मचे स्वतःचे वजन 2 किलो, ते साधारण मध्यावर, म्हणजे 30 सेंटिमीटरवर धरू. गुणाकार 60. एकूण 360. प्लेटच्या वरच्या स्क्रूंपासून खालच्या कडेपर्यंतचे अंतर 12 सेंटिमीटर. 360 ला 12 ने भागा. वरच्या दोन स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर निघाला 30 किलो. तोच आर्म दुमडून मॉनिटर भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर आणला, तर हाच जोर 5 किलोवर येतो. मॉनिटर तोच, भिंत तीच, स्क्रू तेच, आणि ओढ सहापट.

आता यात माणूस मिळवा. मागच्या रांगेला दिसावे म्हणून कॅडेट मॉनिटरची कड धरून तो पुढे ओढतात, खाली वाकवतात. हाताचा 10 किलोचा जोर टोकाला लागला, की वरच्या स्क्रूंवर आणखी 50 किलो चढले. एकूण 80. तेही रोज, दिवसातून दहा वेळा.

खोक्यावरचे 9 किलो खोटे नव्हते. आर्म वाकला नाही, मोडला नाही, आजही तो धडधाकट आहे. पण तो आकडा आर्मचा होता. भिंत किती धरील हे खोक्यावर कुणी लिहू शकत नाही, कारण खोके बनवणाऱ्याने तुमची भिंत पाहिलेली नसते. ते पाहणे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते.

मग मी ती भोके टॉर्च लावून नीट पाहिली. आपल्या त्या भिंतीवर गिलावा चांगला 20 मिलिमीटर जाड आहे. मी वापरलेले स्क्रू 35 मिलिमीटरचे. प्लेटच्या जाडीत 3 मिलिमीटर गेले, 20 गिलाव्यात गेले, विटेत उरले जेमतेम 12. गिलावा म्हणजे भिंतीचा सदरा. सदऱ्याला धरून माणूस लटकत नाही, सदरा फाटतो. वर आणखी एक गोष्ट, वरच्या दोन भोकांपैकी एक विटेत नव्हतेच, ते दोन विटांमधल्या सांध्यात गेले होते. त्या भोकात बोट घालून खरवडले तर वाळू हातात आली.

हे मला ड्रिल करतानाच कळायला हवे होते, कारण भिंत आपल्याशी धुळीतून बोलत असते. बिट गिलाव्यात असते तेव्हा राखाडी-पांढरी धूळ पडते. विटेत शिरले की धूळ लाल होते. लाल होता होता पुन्हा राखाडी झाली आणि बिट अचानक सहज आत जायला लागले, तर आपण सांध्यात आहोत. काँक्रीट लागले तर धूळ राखाडीच, पण बारीक, आणि बिट कुरकुरत, हट्टाने पुढे सरकते. नव्या इमारतींत पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. तिथे पिठासारखी पांढरी भुकटी पडते आणि बिट लोण्यात गेल्यासारखे जाते. अशा भिंतीला साधी गिट्टी चालत नाही, त्या ब्लॉकसाठीच बनवलेले रुंद आट्यांचे प्लग मिळतात ते आणावे लागतात, आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसते फिरवूनच भोक पाडायचे असते. कार्यालयांमधून जिप्समच्या पाटीशनच्या भिंती असतात. तिथे बिट एक-दीड सेंटिमीटरवर भसकन पोकळीत जाते. त्या पाटीवर आर्म लावूच नये. आतल्या लोखंडी पट्ट्या शोधून तिथे जाड प्लायवूडची फळी बसवून घेतल्याशिवाय नाही.

मार्चमध्ये हीच धूळ मला फोनवरून उपयोगी पडली. आपल्या एका मराठी कॅडेटच्या आईंचा लातूर जिल्ह्यातल्या एका गावाहून फोन आला. मुलगा सुट्टीत येणार, एनडीएच्या परीक्षेचा अभ्यास संगणकावर करणार, टेबल लहान आहे, म्हणून मॉनिटर भिंतीवर टांगावा असे त्यांच्या मनात होते. प्रयोगशाळेतली गोष्ट मुलाने घरी सांगितलेली असणार. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या भिंतीला चालंल का तेवढं सांगा." मी विचारले, भिंत कशाची? त्या म्हणाल्या, "जुनं घर हाय. भिंत दीड हात रुंद हाय, काही होत नाही तिला." मी म्हटले, ताई, कोपऱ्यात जिथे दिसणार नाही तिथे एक लहान भोक पाडायला सांगा आणि खाली कागद धरून काय पडते ते बघा. तासाभराने पुन्हा फोन. आधी थोडी राखाडी धूळ पडली, मग नुसती माती. दगड-मातीची भिंत होती, वरून सिमेंटचा गिलावा. अशी भिंत छप्पर पेलते, कारण तिच्यावर भार वरून खाली येतो. पण तिच्यातून खिळा बाहेर ओढायला लागलात तर माती त्याला धरून ठेवत नाही. रुंदीचा इथे काही उपयोग नाही. त्यांना मी सांगितले, टेबलच थोडे मोठे करून घ्या, मॉनिटर त्याच्या स्वतःच्या स्टँडवर राहू द्या. गावातल्या सुताराने टेबलाला मागच्या बाजूने वीतभर फळी जोडून दिली. भिंतीवर काहीही लावले नाही. या लेखातला सगळ्यात चांगला बसवलेला मॉनिटर तोच आहे असे मला वाटते.

ज्यांची भिंत पक्क्या विटेची किंवा काँक्रीटची आहे आणि ज्यांना मॉनिटर लावायचाच आहे, त्यांच्यासाठी मी आता कसे करतो ते सांगतो. आधी प्लेट भिंतीवर धरून पेन्सिलीने भोकांच्या खुणा करायच्या, पाणसळ लावून. खुणा करण्याआधी आजूबाजूला स्विचबोर्ड कुठे आहे ते पाहायचे. आपल्याकडे भिंतीच्या आतली वायर स्विचबोर्डापासून सरळ वर छताकडे किंवा त्याच रेषेत आडवी गेलेली असते. त्या पट्ट्यांत ड्रिल नको. भिंतीपलीकडे मोरी असेल तर पाण्याची पाइपही आठवावी. शंका असली की मेन बंद करून ड्रिलसाठी दुसरीकडून वीज घ्यावी. डोळ्यांना गॉगल हवाच. आणि कॅडेट मित्रांनो, शाळेत ड्रिल मशीन तुमच्या हाती येणार नाही, घरीही मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय ते उचलू नका.

बिट आणि गिट्टी एकाच मापाचे, 10 ची गिट्टी तर 10 चेच बिट. भोक किती खोल हवे ते बिटावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून खूण करून ठेवायचे, अंदाजाने नाही. भोक पाडून झाले की आतली भुकटी फुंकणीने किंवा सायकलच्या पंपाने काढून टाकायची, नाहीतर गिट्टी भुकटीवर बसते, विटेवर नाही. मग गिट्टी हातोडीने हलके ठोकत गिलाव्याच्या पार, पूर्ण विटेत सरकवायची. स्क्रूची लांबी दुकानदाराला विचारायची नाही, बेरीज करायची: प्लेटची जाडी, अधिक गिलावा, अधिक गिट्टीची पूर्ण लांबी. माझ्या बाबतीत ती 3 अधिक 20 अधिक 50, म्हणजे 73 भरली, म्हणून 75 चे स्क्रू. आर्मबरोबर पुडीत जे स्क्रू येतात ते मी आता वापरत नाही. आणि भोक सांध्यात गेले तर मन घट्ट करून प्लेट चार बोटे वर किंवा खाली सरकवावी. वाया गेलेले भोक नंतर लांबीने बुजवता येते.

मॉनिटर लावायच्या आधी एक रात्र थांबायचे. हे मी त्या घटनेनंतर शिकलो. नुसता आर्म पूर्ण बाहेर ओढायचा आणि टोकाला पाण्याचे कॅन टांगायचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वजनाची वेगळी खटपट नको. 5 किलोच्या मॉनिटरसाठी 10 लिटर. पण आर्मवर जो कमाल भार छापला आहे त्याच्या वर जायचे नाही, म्हणून आपल्या आर्मला मी 9 च लिटर टांगले. खाली कांबळ्याची जाड घडी, आणि त्या भागात कुणी जाऊ नये म्हणून दोन खुर्च्या आडव्या. प्लेटच्या चारी बाजूंनी भिंतीवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवायची. सकाळी वरच्या कडेपाशी केसाइतकी जरी फट दिसली किंवा रेघेपासून प्लेट सरकलेली दिसली, तरी ती जागा बाद.

मॉनिटर आर्मला जोडणे सोपे आहे, पण मॉनिटर फुटतात ते बहुतेक इथेच. मागच्या बाजूला चार भोकांचा चौकोन असतो, बाजू 75 किंवा 100 मिलिमीटर. हे माप व्हेसा या संघटनेने ठरवून दिलेले आहे, म्हणून कुठल्याही कंपनीचा मॉनिटर दुसऱ्या कंपनीच्या आर्मवर बसतो. 75 चा चौकोन 8 किलोपर्यंतच्या मॉनिटरसाठी, 100 चा 14 किलोपर्यंतच्या. दोन्हींना 4 मिलिमीटर जाडीचे, एम-4 म्हणतात ते स्क्रू लागतात. त्यांची जाडी ठरलेली असली तरी लांबी पाहावी लागते. आखूड असला तर दोन आट्यांवर लटकतो, लांब असला तर आत जाऊन पॅनेल किंवा सर्किट चिरडतो. म्हणून पहिला स्क्रू नुसत्या बोटांनी फिरवून पाहावा. सहज गेला, पाच-सहा आटे आत बसला आणि टेकला तर बरोबर. मध्येच अडला तर पाना लावून जोर करू नये, स्क्रू बदलावा. काही स्वस्त मॉनिटरना ही भोके नसतातच. अशांच्या पाठीला स्वतः भोके पाडण्याचा उद्योग एका कॅडेटच्या मोठ्या भावाने केला होता. तो मॉनिटर पुन्हा लागला नाही.

मॉनिटर पालथा ठेवायचा तो गादीवर किंवा चौपदरी कांबळ्यावर, आणि आधी हात फिरवून खाली पेन, बिल्ला, बटण काही राहिलेले नाही ना ते पाहून. उचलताना कडा धरायच्या, पडद्यावर अंगठा दाबायचा नाही. पडद्याची काच पातळ असते आणि आतल्या द्रव स्फटिकांच्या थराला बोटाचा दाबही सोसत नाही. 27 इंचाच्या मॉनिटरला दोन माणसे, एकाने धरायचे आणि दुसऱ्याने स्क्रू लावायचे, आधी वरचे दोन. चारही स्क्रू हलके लागल्यावरच आवळायचे.

मी वर्कशॉपमध्ये होतो तेव्हाचे पिक्चर ट्यूबचे मॉनिटर आठवतात. सतरा इंची मॉनिटर पंधरा किलोच्या आसपास असायचा आणि ट्यूबवर पंचवीस हजार व्होल्टच्या घरातला दाब. वायर काढल्यावरही तो चार्ज आत टिकून राहायचा. त्याला हात लावताना प्रत्येक जण जपून असे. आजचे मॉनिटर पातळ आणि हलके झाले तसा तो धाक गेला. माझाही गेला होता. तरी आजच्या मॉनिटरचे मागचे झाकण उघडू नये, त्याच्या वीजपुरवठ्याच्या भागातही प्लग काढल्यानंतर काही काळ चार्ज राहतो.

गॅस स्प्रिंगचा आर्म असेल तर आणखी एक सावधगिरी, आणि ही माहिती खोक्यावर ठळकपणे नसते. अशा आर्मच्या आत दाबलेला वायू असतो आणि तो मॉनिटरचे वजन तोलून धरतो. मॉनिटर काढला की तोलायला वजन उरत नाही, आणि आर्म झटक्याने वर उसळतो. हनुवटी किंवा डोळा मध्ये आला तर मोठी इजा. म्हणून मॉनिटर काढण्याआधी आर्म आपल्या हाताने अगदी वर नेऊन ठेवायचा, जिथून तो आणखी वर जाऊच शकत नाही, आणि मगच स्क्रू सोडवायचे. नवा आर्म बसवतानाही डोके बाजूला.

ज्यांना भिंतीऐवजी टेबलाच्या कडेला पकडीने आर्म लावायचा आहे त्यांनी टेबलाची फळी ठोकून पाहावी. भुशाच्या फळ्या पकडीखाली दबून भुगा होतात. वर-खाली लोखंडी पट्टी किंवा प्लायवूडचा तुकडा घालावा. काचेच्या टेबलाला पकड कधीही लावू नये.

विजेचे थोडक्यात. 24 इंची एलईडी मॉनिटर वीस-तीस वॅट घेतो, 230 व्होल्टवर हा भार काहीच नाही. काळजी दुसरीकडे घ्यायची असते. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन अर्थिंगची. ती मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे प्लग घालताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. ती मोडून टाकणे किंवा दोन पिनांच्या बोर्डात कसेतरी बसवणे हे धातूच्या आर्मवरच्या मॉनिटरच्या बाबतीत तर अजिबात नको, कारण आत काही बिघडले तर आर्मचे लोखंडही आपल्या हाताला वीज देऊ शकते. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड घालू नये. आर्म फिरतो तेव्हा वायरही फिरते, म्हणून आर्म डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, सगळ्या टोकांना नेऊन पाहावे आणि मगच वायर बांधाव्यात, सांध्यापाशी एक ढिला वेढा सोडून. आपला मॉनिटर पडला तेव्हा वायर ताणलेली होती. ती प्लेटला धरून राहिली, पण सॉकेटही भिंतीतून अर्धे बाहेर आले होते.

आता उंची. इथे घरची आणि शाळेची अडचण वेगळी आहे. घरी एकच माणूस बसतो, म्हणून त्याच्या मापाने लावता येते: पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसल्यावर मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. अंतर हात लांब केल्यावर बोटे पडद्याला टेकतील इतके, म्हणजे 50 ते 70 सेंटिमीटर. मोठ्या मॉनिटरला थोडे जास्त. वडील द्विकेंद्री चष्मा लावत असतील तर मॉनिटर आणखी खाली हवा, नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी ते हनुवटी वर करून बसतात आणि संध्याकाळी मान धरते. शाळेत मात्र त्याच जागेवर सकाळी सहावीचा कॅडेट बसतो आणि दुपारी बारावीचा. सहावीच्या मुलाला भिंतीवरचा मॉनिटर पाहायला मान मागे टाकावी लागते. ड्रिलच्या मैदानावर नजर समोर ठेवायला उस्ताद शिकवतात, आणि प्रयोगशाळेत आम्हीच त्यांना तासभर आभाळ पाहायला लावत होतो. म्हणून भिंतीवर एकच मॉनिटर, तो सगळ्या वर्गाला दाखवण्यापुरता. बाकीचे टेबलावर, खाली-वर होणाऱ्या स्टँडवर.

खिडकी मॉनिटरच्या मागे नको आणि समोरही नको, बाजूला असावी. पडद्याची उजळणी शेजारी धरलेल्या वहीच्या पानाइतकी ठेवा, त्याहून लख्ख नको. अक्षरे धूसर दिसत असतील तर डोळे तपासायच्या आधी सेटिंग तपासा: 1920 बाय 1080 चा मॉनिटर त्याच मापावर चालवला तरच अक्षरे धारदार दिसतात. अक्षरे लहान वाटली तर स्केल वाढवा, ते माप कमी करू नका. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरचे काहीतरी पाहा. आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून ध्वजस्तंभ दिसतो, तो पुरेसा लांब आहे. पडदा पुसायचा तो बंद करून, मऊ कोरड्या कापडाने. अगदीच डाग असला तर कापड किंचित ओलसर करून. फवारा पडद्यावर मारू नये आणि आरशाच्या काचेचे अमोनियाचे द्रावण तर नकोच, त्याने वरचा चकाकीविरोधी थर जातो.

आपला भिंतीवरचा नवा मॉनिटर जानेवारीत लागला. चार 75 चे स्क्रू, एक रात्र पाण्याचे कॅन, शिवाय मॉनिटरच्या ब्रॅकेटपासून भिंतीतल्या वेगळ्या हुकापर्यंत एक बारीक पोलादी दोर, वरचे सगळे सुटले तरी मॉनिटर वीतभरच खाली यावा म्हणून. त्याच्या खालची खुर्ची मी हलवली आहे. प्लेटभोवतीची पेन्सिलीची रेघ पुसलेली नाही. सातवीतला तो कॅडेट आता आठवीत गेला. दर सोमवारी प्रेपला आला की तो स्टुलावर चढून ती रेघ पाहतो आणि मला तिथूनच सांगतो, "सर, जागेवर आहे." त्याचा लूप त्या दिवशी का थांबत होता ते मात्र गोंधळात राहूनच गेले होते, ते त्याने पुढच्या आठवड्यात स्वतःच शोधून काढले.